पोलिसांच्या हातात टेझर आणि समोर आपले बाबा : काय वाटतं?

सुमा_नौपाडा | शुक्रवार, रात्री १०:४२

मी इथे बहुतेक वाचनमात्रच असते. पण गेले दोन आठवडे एक विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढते.

आमचे बाबा ८१ वर्षांचे. चार वर्षांपासून डिमेन्शिया. वागळे इस्टेटीत एका कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. मागच्या महिन्यात एकदा रात्री पावणेतीनला कडी काढून खाली गेले. अंगात बनियन, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि हातात वीतभर पात्याचा पेचकस. पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटवर ठकठक चालली होती. वॉचमन नवा, त्याला काही ठाऊक नाही. त्याने हटकलं तेव्हा बाबांनी पेचकस उगारला. त्याने ११२ लावला. मला जाग आली ती खालच्या आरडाओरड्याने.

पोलीस आले, निभावलं, बाबांना ओरखडाही नाही. ते कसं झालं ते नंतर लिहीन, आत्ता पोळ्या व्हायच्यात.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं, 'आपल्या पोलिसांना फॉरेनसारखे टेझर दिले पाहिजेत. लांबून शॉक द्यायचा, कुणाला इजा नाही.' त्याला सतरा अंगठे. मी सहज शोधायला बसले तर पहिलंच सापडलं ते ऑस्ट्रेलियातलं कूमा गाव. मे २०२३. वृद्धाश्रमातल्या क्लेअर नोलँड, वय ९५, डिमेन्शिया, वजन जेमतेम ४८ किलो, वॉकर धरून चालणाऱ्या. पहाटे हातात जेवताना वापरतात तसली सुरी. पोलीस समोर आल्यावर तीन मिनिटांच्या आत टेझर चालवला. त्या मागे पडल्या, डोकं आपटलं, आठवड्याभराने गेल्या. टेझर चालवण्याआधी तो पोलीस जे पुटपुटला त्याचा अर्थ साधारण 'जाऊ दे, खड्ड्यात जाऊ दे' असा होतो.

मी त्या रात्री बाबांच्या खोलीत जाऊन झोपले.

तर प्रश्न असा : आपल्याकडे हे यावं का? आणि आलंच, तर बाबांसारख्यांवर चालवावं का?

---

तर्री_कमी | रात्री १०:५१

पहिला!
पावणेतीनला बॉनेट उघडणारा फिटर आमच्या सोसायटीला हवाय, माझी गाडी दिवाळीपासून खुळखुळतेय. (ताई, हलके घ्या. बाबा सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं.)

---

पोपट_पंच | रात्री ११:०५

ठाण्यातच राहता, मग इतका विचार कशाला? आपल्या गावाची ख्यातीच मेंटल हॉस्पिटलबद्दल आहे. थेट 'ठाण्याला भरती' :D

---

निवृत्त_फौजदार_नेरुळ | रात्री ११:३८

पोलीस खात्यात तेहतीस वर्षं काढली, शेवटची अकरा नवी मुंबईत. मी टेझरच्या बाजूने आहे, आणि का ते नीट सांगतो. नाहीतर इथे लगेच 'खाकी मानसिकता' सुरू होईल.

एका गावठाणात एक पोरगा कोयता घेऊन पत्र्यावर चढला होता. वय असेल चोवीस-पंचवीस. आई खाली उभी राहून सांगत होती, साहेब त्याच्या गोळ्या बंद झाल्यात, तो तसा नाही. आम्ही तास-दीड तास बोललो. शेवटी तो स्वतःच उतरला आणि उतरताच जमावावर धावला. आमच्याकडे काय होतं? लाठी. दोघांनी मनगटावर मारली. कोयता पडला, मनगटही गेलं. दोन्ही हाडं. पुढचे चार महिने ती माऊली त्याला हाताने भरवत होती. मी एकदा चौकशीला गेलो होतो, म्हणून माहीत.

टेझर असता तर पोरगा पाच सेकंद आडवा झाला असता, बेड्या पडल्या असत्या आणि हात शाबूत राहिला असता. तुम्ही टेझरची तुलना गोड बोलण्याशी करताय. गोड बोलणं संपतं तिथून पुढे काय, हा माझा प्रश्न आहे. माझ्याकडे तिथे फक्त लाठी होती, आणि तिच्यामागे रिव्हॉल्व्हर.

कूमाचं प्रकरण लाजिरवाणं आहे. पण तो माणसाचा गुन्हा, हत्याराचा नव्हे.

---

तीनहात_नाका | रात्री ११:४४

म्हणजे आता पेपरात 'सौम्य लाठीमार'च्या जागी 'सौम्य शॉक' वाचायचा. जमावाला किंचित भाजून पांगवले.

---

बर्मिंगहॅमी_बंड्या | शनिवार, पहाटे ३:२०

इकडे अजून रात्रच आहे. घंटाळीत वाढलो, गेली सोळा वर्षं विलायतेत. इथे टेझर २००३ पासून आहेत, त्यामुळे थोडं लिहितो.

आधी ते चालतं कसं ते, कारण 'लांबून शॉक, इजा नाही' यातला दुसरा भाग खोटा आहे. पिस्तुलासारखं यंत्र. चाप ओढला की दाबलेल्या वायूच्या जोरावर दोन बाण सुटतात, त्यांना मासे पकडायच्या गळासारखे आकडे आणि मागे केसाएवढ्या तारा. दोन्ही बाण अंगात रुतले की सर्किट पुरं होतं. ५०,००० व्होल्ट हा आकडा सगळे फेकतात, पण तो तारांच्या टोकांमधली हवा भेदण्यापुरता. अंगात त्याहून पुष्कळ कमी जातो. खरी गंमत त्या झटक्यांच्या वेगात आहे. स्नायू आखडतात आणि मेंदूचं काही ऐकत नाहीत. एक चाप म्हणजे पाच सेकंद.

आता विचार करा, आपण घसरतो तेव्हा काय करतो? हात पुढे टाकतो. टेझर लागलेल्याला तेवढंही करता येत नाही. तो फळीसारखा पडतो. पंचविशीतला पोरगा हिरवळीवर पडला तर उठून बसेल. ९५ वर्षांची बाई लादीवर पडली तर काय होणार, ते सुमाताईंनी वर लिहिलंच आहे. वीज हृदयाचं काय करते यावर वाद आहेत, पडण्यावर कुणाचाच वाद नाही.

दुसरं, पाच सेकंद ही मर्यादा नाहीच. चाप दाबून धरला तर चालूच राहतं. डॅलियन अ‍ॅटकिन्सन हा आमच्या इथल्या अ‍ॅस्टन व्हिलाचा जुना फुटबॉलपटू, मानसिक अवस्था बिघडलेली, २०१६ च्या ऑगस्टमध्ये टेलफर्डला वडिलांच्या घराबाहेर. सलग ३३ सेकंद. वर डोक्यात लाथा. तो त्यात गेला. त्या पोलिसाला २०२१ मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली.

फौजदारकाका, तुमच्या पत्र्यावरच्या पोरासाठी टेझर लाठीपेक्षा बरा हे मला मान्य आहे. फक्त एकदा पट्ट्याला लटकला की तो पत्र्यावरच्या पोरासाठी राखून ठेवला जात नाही.

---

निवृत्त_फौजदार_नेरुळ | शनिवार, सकाळी ६:१०

बंड्या, लाठीही राखून ठेवली जात नाही. म्हणून लाठी काढून घ्यायची का?

---

सिस्टर_माया | सकाळी ७:३२

नाईट करून आले, डोळे मिटतायत, पण पोपट_पंच यांच्यासाठी दोन ओळी लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

'ठाण्याला भरती' हा विनोद मी बावीस वर्षं रोज ऐकते. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला की तो आरशातून बघतो. १९०१ पासून उभी असलेली जागा आहे ती. आत माणसं असतात, तुमच्या-माझ्या घरातली. बरीच बरी होऊन महिनोन्महिने बसून असतात, कारण न्यायला कुणी येत नाही. हसा, पण एकदा दिवाळीला फराळ घेऊन या आणि मग हसा.

आता मुद्दा. खवळलेला पेशंट आमच्याकडे आठवड्यातून चारदा तरी असतो. आमच्याकडे ना लाठी, ना टेझर. पहिलं, गर्दी हटवायची. बघ्यांमुळे निम्मा भडका उडतो. मग बोलायचं एकानेच. पाच जण 'खाली ठेव, खाली ठेव' ओरडले की त्याच्या डोक्यातल्या आवाजांत आणखी पाच आवाजांची भर. समोर नाही, जरा तिरकं उभं राहायचं, दाराची वाट मोकळी ठेवायची. नाव घेऊन हाक मारायची. आणि काहीतरी साधं विचारायचं. 'जेवलास का?' हा प्रश्न किती वेळा कामाला आलाय, सांगितलं तर खोटं वाटेल.

तरी नाही ऐकलं तर चार-पाच जण, प्रत्येकाचा एक अवयव ठरलेला, एक जण फक्त डोकं सांभाळायला, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शन. मलाही लागलंय. डाव्या दंडावर दातांचा वण आहे.

आणि म्हाताऱ्या माणसांबाबत एक : एकाएकी दोन दिवसांत भलतंच वागायला लागले तर आधी लघवी तपासा. इन्फेक्शनने, पाणी कमी पडल्याने, नवीन गोळीने माणूस पार भ्रमिष्ट होतो आणि औषध दिलं की परत येतो. अशा माणसाला शॉक कसला देताय!

---

पोपट_पंच | सकाळी ८:१५

सिस्टर, चुकलं. दिवाळीला येतो, खरंच.

---

तर्री_कमी | सकाळी ८:१७

पोपट गप्प झाला. धाग्याचं सार्थक झालं.

---

शिपायाची_बायको | सकाळी ९:४०

सगळ्यांचं वाचलं. छान लिहिता तुम्ही लोक.

माझे मिस्टर बीट मार्शल होते. मोटरसायकलवर दोघं. सिस्टर, तुमच्याकडे चार-पाच जण असतात, भिंती असतात, इंजेक्शन असतं, पेशंटचं नाव कागदावर असतं. ह्यांच्याकडे रात्री दीडला रस्त्यावर फक्त एक जोडीदार असतो, तोही गाडी लावत असतो. समोरचा आजारी, दारूडा की खुनी, हे कपाळावर लिहिलेलं नसतं. ह्यांना एकाने फुटकी बाटली मारली. कानापासून हनुवटीपर्यंत अकरा टाके. तो माणूस आजारी होता हे नंतर कळलं. ह्यांनी स्वतः सांगितलं, केस जास्त ताणू नका. पण माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, सहा महिने बापाच्या तोंडाकडे बघायला घाबरायचा.

बारा-बारा तास ड्यूटी, बंदोबस्त, सण आला की घर नाही. त्या माणसाने दोनशेव्या कॉललाही तिरकं उभं राहून 'जेवलास का' विचारायचं? विचारावंच, मी नाही म्हणत नाही. पण त्याला कोण विचारतं, जेवलास का म्हणून?

टेझर द्या नाहीतर देऊ नका. जे द्याल ते शिकवून द्या, आणि दोनाच्या जागी चार माणसं द्या.

---

तीनहात_नाका | सकाळी ९:५२

+१. याच्यावर विनोद सुचत नाही.

---

वकील_वाशी | सकाळी ११:२६

कायद्याचं थोडं. आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, लागू झाला मे २०१८ पासून. त्याचं कलम १०० पोलिसांसाठीच आहे. भटकत असलेला किंवा स्वतःला-दुसऱ्याला धोका होईल असा मनोरुग्ण दिसला तर त्याला संरक्षणात घ्यायचं. शब्द 'संरक्षण' आहे, 'अटक' नाही. का घेतलं ते त्याला किंवा त्याच्या माणसांना सांगायचं, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं. आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवायचं नाही. मी हे कलम एकदा एका ठाणे अंमलदारांपुढे ठेवलं, तर ते म्हणाले, 'वकीलसाहेब, मग बसवू कुठे, माझ्या खुर्चीत?' उद्धट वाटेल, पण प्रश्न बिनतोड होता.

आता जरा गंमत बघा. त्याच कायद्याचं कलम ९५. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय मनोरुग्णाला विजेचे झटके देण्यास बंदी. म्हणजे उपचार म्हणून, दवाखान्यात, डॉक्टरने देखील नाही. साखळीने बांधायलाही बंदी. ज्या माणसाला डॉक्टर भुलीशिवाय शॉक देऊ शकत नाही, त्याला शिपायाने पार्किंगमध्ये द्यावा? दोन्ही गोष्टी वेगळ्या, हेतू वेगळा, वीज वेगळी, हे मलाही कळतं. कोर्टात हा युक्तिवाद टिकेलच असं नाही. पण हे शेजारी-शेजारी ठेवून बघा एकदा.

फौजदारकाकांच्या 'माणसाचा गुन्हा, हत्याराचा नव्हे' याबद्दल : कूमाचा पोलीस नोव्हेंबर २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधात दोषी ठरला. शिक्षा? तुरुंग नाही. दोन वर्षं देखरेख आणि ४२५ तास समाजसेवा. सरकारी पक्षाचं अपीलही फेटाळलं गेलं. आणि तिथे म्हाताऱ्या, अशक्त लोकांवर अपवाद सोडून टेझर वापरू नये असा नियम आधीपासून होता. नियम भिंतीवर होता, टेझर हातात होता.

---

चिंगीचा_दादा_खारघर | दुपारी १:०५

माझा धाकटा भाऊ (घरी चिंगी म्हणतो, का ते विचारू नका) एकोणीस वर्षांचा आहे, सहा फूट, ऑटिझम. 'थांब' म्हटल्यावर तो थांबत नाही. 'थांब' म्हणतो. तुमचाच शब्द परत तुम्हाला. अनोळखी माणसाला वाटतं चिडवतोय. आवाज वाढला की कान दाबून पळतो. आणि चमकणारा दिवा दिसला की धरायला जातो.

बंड्यादादा, टेझरला नेम धरायला लाल ठिपका असतो ना? चिंगी त्या ठिपक्याशी खेळायला पुढे जाईल, आणि पोलिसाला वाटेल अंगावर आला.

त्याच्या गळ्यात आता कार्ड असतं. पण कार्ड वाचायला जवळ यावं लागतं, आणि टेझर तर जवळ यायचं नाही म्हणूनच असतो.

---

बर्मिंगहॅमी_बंड्या | दुपारी २:४८

असतो, लाल ठिपका असतो. तुमचं वाचून पोटात गोळा आला.

अमेरिकेचं एक देतो. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१७ मध्ये मोजदाद केली होती : टेझर वापरल्यानंतर मेलेली हजारावर माणसं. दहातली नऊ निःशस्त्र. चारातला एक जण मनोरुग्ण किंवा मेंदूचा आजार असलेला. सगळे टेझरनेच गेले असं नव्हे, नशा असते, हृदय असतं, झटापट असते. पण पट्ट्यावरचं हे यंत्र कुणावर चालतं ते त्यावरून दिसतं. आणि तिथे ते बंदुकीऐवजी आलं. आपल्या हवालदाराच्या हातात रात्री बंदूक नसतेच. त्याच्याकडे काठी आणि तोंड. टेझर आला तर तो या दोनांपैकी कशाची जागा घेईल, काका?

---

निवृत्त_फौजदार_नेरुळ | दुपारी ४:३०

जेवून, झोपून, विचार करून लिहितोय.

खरं सांगायचं तर तोंडाची. काठी चालवली की वळ उठतात, वळ फोटोत येतात, चौकशी लागते, म्हणून जुना हवालदार आधी पुष्कळ बोलायचा. खूणच उमटत नसेल तर बोलायचा कंटाळा येईल. (बाणांच्या खुणा राहतात हे माहीत आहे, पण टिकलीएवढ्या.) तेवढं मान्य.

तरी माझं म्हणणं पूर्ण मागे घेत नाही. पोलीस ठाण्यात एक, कुलपात, चावी अधिकाऱ्याकडे, वापरला की त्याच रात्री लेखी खुलासा आणि कॅमेऱ्याचं चित्रण. पत्र्यावरच्या पोरासाठी. शिपायाच्या पट्ट्याला नको.

---

तर्री_कमी | दुपारी ४:३४

कुलपाची चावी हरवलेली असणार आणि तिचा पंचनामा सुरू असणार.

---

निवृत्त_फौजदार_नेरुळ | दुपारी ४:३६

तुम्ही आमच्या खात्यात होता का हो?

---

पोपट_पंच | संध्याकाळी ६:०२

सुमाताई, त्या रात्री काय झालं ते राहिलंच. पोळ्या कालच झाल्या असतील :)

---

सुमा_नौपाडा | रात्री ९:१५

हो, राहिलंच.

मी लिफ्टची वाट न बघता पळत खाली आले तोवर गाडी आली होती. तरुण शिपाई पुढे, काठी वर, 'ए बाबा, टाक ते!' बाबा आणखी बिथरले. भिंतीला पाठ लावून, पेचकस पोटाशी धरून उभे. माझ्या तोंडून आवाजच फुटेना.

मागून हवालदार आले. पन्नाशीचे, पोट सुटलेलं, टोपी काखेत. त्यांनी मला एकच विचारलं, 'काय काम करायचे?' मी म्हटलं फिटर, वागळे इस्टेट. ते 'हां' म्हणाले, आणि शिपायाच्या काठीवर हात ठेवून ती खाली केली. वॉचमनला टॉर्च विझवायला लावला. मग बाबांपासून चार पावलांवर, गाडीला टेकून उभे राहिले, जसं कुणी बसस्टॉपवर उभं राहतं तसं. म्हणाले, 'मास्तर, भोंगा झाला. तिसरी पाळी सुटली.'

बाबा बघतच राहिले. म्हणाले, 'हे उरकायचंय अजून.'

'सकाळची पाळी उरकेल. हत्यार जमा करा, टोकन घ्या.'

आणि खिशातून पाच रुपयांचं नाणं काढून तळहातावर पुढे धरलं. पिवळं, नव्यातलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : जुन्या कारखान्यांत टूलरूममधून हत्यार घेताना आपला पितळी बिल्ला द्यायचा, हत्यार परत केलं की बिल्ला परत. बाबांनी पेचकसाचं पातं बनियनला पुसलं, दोनदा, मूठ पुढे करून त्यांच्या हातात दिला. नाणं घेतलं, उलटं-सुलटं करून बघितलं. मग म्हणाले, 'माझा नंबर एकशे बारा नाही.' कुणीतरी ११२ चा उल्लेख केला असेल तो कानावर पडला असणार. हवालदार म्हणाले, 'उद्या बदलून देतो.'

लिफ्टपर्यंत ते सोबत आले. मी विचारलं, तुम्हाला कसं सुचलं? म्हणाले, 'माझे वडील इस्टेटीतच होते. त्यांचा बिल्ला हरवला म्हणून आठ आणे कापले होते, घरात आठवडाभर तेच चाललेलं.' मग थांबून म्हणाले, 'आज सुचलं. दर वेळी सुचत नाही, ताई.' हे शेवटचं मुद्दाम लिहितेय, शिपायाची_बायको यांच्यासाठी.

सगळं मिळून बारा-पंधरा मिनिटं. वर मी लिहिलं ना, कूमात तीन मिनिटंही नव्हती. मला वाटतं त्या तरुण शिपायाच्या हातात काठीऐवजी टेझर असता तर हवालदार टोपी काखेत मारून गाडीतून उतरेपर्यंत सगळं संपलं असतं.

---

शिपायाची_बायको | रात्री ९:३१

मिस्टरांना वाचून दाखवलं. म्हणाले, हवालदार कुठल्या ठाण्याचे?

---

सुमा_नौपाडा | रात्री ९:३६

नाव-ठाणं इथे नाही लिहीत, त्यांनीच नको म्हटलंय. व्यक्तिगत निरोप पाठवते.

---

सिस्टर_माया | रात्री ९:४०

ताई, आता दाराला वर, डोळ्यांच्या वरच्या उंचीवर कडी बसवा. आणि वॉचमन बदलला की आधी बाबांशी ओळख करून द्या, फोटो दाखवून नाही, प्रत्यक्ष. लघवी तपासली का?

---

सुमा_नौपाडा | रात्री ९:५२

तपासली, नॉर्मल. कडी बसवली. पण सुताराला स्क्रू बरोबर पिळता येत नाही म्हणून बाबांनी त्याच्या हातून पेचकस काढून घेतला आणि स्वतः बसवली.

---

तर्री_कमी | रात्री ९:५५

मग माझ्या गाडीचं बघतील का?

---

वकील_वाशी | रात्री १०:०८

नाणं कुठंय?

---

सुमा_नौपाडा | रात्री १०:११

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात. धुवायला टाकताना मी काढून ठेवलं तर अख्खी सकाळ शोधत होते. आता धुतलेल्या सदऱ्यात आधी ते ठेवायचं, मग घडी.